सुट्टीवरचा माणूस

त्या वर्षी नानासोची सुट्टी काही संपेना.

दिवाळीच्या तोंडावर तो बोटीवरून घरी आला होता. एरवी दोन-तीन महिने झाले, की कंपनीचा फोन यायचा. मग धोंडुबाई चटणी कुटायला घ्यायची, नानासो तासगावला जाऊन केस कापून यायचा आणि बिरोबापुढं नारळ फोडून मुंबईची गाडी धरायचा. लग्नापासून तीसेक वर्षं हे असंच चाललेलं. वाडीतल्या पोरासोरांनाही पाठ झालं होतं. नानासो पारावर दिसला की सुट्टी, नाही दिसला की बोट.

या खेपेला संक्रांत गेली, शिवरात्र गेली, द्राक्षाच्या बागा खाली व्हायला लागल्या, तरी फोन नाही.

"आवं, रानात रेंज नसंल म्हणून लागत नसंल," धोंडुबाई म्हणायची.

"आसंल," नानासो म्हणायचा आणि फोन घेऊन माळावर चढायचा. माळावर रेंज भरपूर होती.

बिरोबावाडी तासगावच्या पूर्वेला, कोरड्या मुलखात. नानासोच्या बापापर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले. नानासो मिसरूड फुटायच्या आधी गलाईवाल्या चुलत्याबरोबर कोचीला गेला. सोनं-चांदी आटवायच्या त्या दुकानात तो भट्टीला वारा घालायचा. धुरानं डोळे चुरचुरले की बंदरावर जाऊन बसायचा. तिथंच एका बोटीला रंग खरवडायला माणूस हवा होता. हा चढला तो चढलाच. खलाशी झाला, आणि पुढं डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. बोटीवर त्याला बोसन म्हणतात. वाडीत मात्र सगळे कॅप्टनच म्हणायचे, आणि नानासो कुणाला दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचा नाही.

फाल्गुनात घरात बसून अंग आंबायला लागलं, तेव्हा तो धोंडुबाईच्या भाच्याच्या बेदाणा शेडवर जायला लागला. भाचा रविराज. "मामा, तुमी नुसती देखरेख करा," असं म्हणून त्यानं बोलावलं. पण चौथ्या-पाचव्या दिवशीच नानासो द्राक्षाचे क्रेट औषधाच्या टाकीत बुचकळून वर काढत होता. वर पत्रा, खाली जाळीचे मजले, आणि सगळीकडं त्या तेलकट औषधाचा वास. अंगात कंपनीचा नारिंगी डगला. पाठीवर कंपनीचं नाव. घामानं आणि तेलानं ती अक्षरं पाठीला चिकटून बसायची.

एकदा सांगलीचा एक व्यापारी माल बघायला आला. नारिंगी डगल्याकडं बघून त्यानं विचारलं, "हे कोण?"

"आमचं मामा हायती. बोटीवर असत्यात. सुट्टीला आल्यात," रविराज म्हणाला.

व्यापारी हसला. "लय लांबली की सुट्टी. मागच्या महिन्यातबी हेच टाकीवर होते."

जाळीवर द्राक्ष पसरणाऱ्या बायका खाली मान घालून हसल्या. नानासोनं क्रेट उचलला आणि टाकीत सोडला. बुडबुडे वर येईपर्यंत तो तिथंच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुंबई गाठली.

कंपनीचं ऑफिस त्याला पाठ होतं. दरवेळी इथंच सही करायची, इथंच डॉक्टर तपासायचा. पण टेबलावरची मुलगी नवी होती. तिनं पाणी दिलं, खुर्ची दिली, संगणकात बराच वेळ बघितलं.

"काका, तुमचं वय झालंय. आता तुम्हाला घेता येणार नाही."

"बरं," नानासो म्हणाला. हे त्यानं धरलंच होतं. "मग रिटायरचं काय आसंल ते करा. गेल्या दिवाळीपासनं मी सुट्टीवरच हाय."

मुलगी थांबली. "सुट्टीवर नाही, काका. तुमचा करार ऑक्टोबरमध्ये संपला."

"करार दरवेळी संपतो, पोरी. मग सुट्टी आसती. मग परत बोलावत्यात."

"दरवेळी नवीन करार असतो, काका. मधल्या काळात तुम्ही आमचे कर्मचारी नसता. त्यामुळं रिटायर वगैरे..."  वाईट नव्हती पोरगी. "म्हणजे रिटायर व्हायला तुम्ही कायम नोकरीत असायला हवं होतं."

नानासो मनातल्या मनात हिशोब लावायला लागला. आई गेली तेव्हा तो बोटीवर होता, म्हणजे नोकरीत होता. थोरल्या पोरीच्या लग्नात तो हजर होता, म्हणजे तेव्हा तो बेकार होता. मांडवात व्याह्यांना तो कॉलर ताठ करून सांगत होता, 'सुट्टी वाढवून घितली.'  

घरी येऊन त्यानं पहिला फोन हंबीररावला लावला.

हंबीरराव पाटणचा. पाटणच्या वर कोयनेच्या अंगाला त्याचं गाव. घरातले सगळे पलटणीत गेलेले, हा एकटाच बोटीवर. नानासो आणि तो पंधरा-वीस वर्षं एका कंपनीत, त्यातली बरीच एका केबिनमध्ये. एकमेकांचे केस कापले, एकाच पातेल्यात पिठलं शिजवलं. नानासोची आई गेल्याचं बोटीवर कळलं, तेव्हा चारी बाजूला पाणी होतं. हंबीररावानंच त्याला डेकवर बसवून त्याचं डोकं भादरलं होतं आणि वाऱ्यानं केस उडू नयेत म्हणून तळहाताची ओंजळ करून धरले होते.

सगळं ऐकून हंबीरराव फोनवर कडाडला.

"असं कसं म्हंत्यात? मोठ्या सायबानं शबुद दिला हुता का न्हाई? आपल्या दोघांच्या म्होरं दिला हुता!"

तो शब्द नानासोही विसरला नव्हता. एकदा दुबईला दुसरी एक कंपनी माणसं फोडत होती. पगार चांगला, काम हलकं. दोघांनी जायचं ठरवलं होतं. तेव्हा कंपनीचे मोठे साहेब स्वतः केबिनमध्ये आले, बिछान्यावर बसले आणि म्हणाले, 'तुम्ही दोघं घरची माणसं. करार नुसता कागदावर. हातपाय थकले तरी तुम्हाला कंपनी सांभाळेल.' जाताना दोघांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. दोघंही राहिले. ती दुसरी कंपनी आज आपल्या म्हाताऱ्या खलाशांना पेन्शन देते, हे नानासोला कुणीतरी सांगितलं होतं. ते त्यानं धोंडुबाईला सांगितलं नव्हतं.

"तू केस घाल गड्या," हंबीरराव म्हणाला. "माजं अजून वरीसभर वय शिल्लक हाय. पण साक्षीला मी उभा ऱ्हातो. बघू कसं न्हाई म्हंत्यात!"

सांगलीची वकीलबाई हंबीररावानंच शोधली. प्रियदर्शनी तिचं नाव, वयानं नानासोच्या पोरीएवढी. दोघांना समोर बसवून तिनं सगळं विचारून घेतलं. बोलावणं कोण पाठवायचं? कधी जायचं ते कोण ठरवायचं? मध्ये दुसरीकडं काम करायला मोकळीक होती का?

"कुठली मोकळीक, बाई!" हंबीरराव टेबलावर हात आपटून म्हणाला. "ह्येच्या पोरीच्या बाळंतपणात बोलावणं आलं. म्हणलं, चार दिस थांबतो. तर म्हंत्यात, मग नावच काढतो. धन्याबिगर असं कोण बोलतंय?"

वकीलबाई हसली. "हेच कोर्टात सांगा. आणि साहेबांच्या शब्दाचं. काका, कागदावर सगळं त्यांच्या बाजूनं आहे. आपल्या बाजूनं हंबीरराव आहेत."

त्या दिवशी दोघांनी एसटी स्टँडवर चहा घेतला. हंबीररावानं नानासोच्या पाठीत थाप मारली आणि कऱ्हाडच्या गाडीत चढला. खिडकीतून हात काढून तो ओरडला, "डरू नको बोसन!" गाडीतली माणसं वळून बघायला लागली. नानासोला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

पावसाळा आला. हंबीररावाचे फोन आधी आठवड्यानं, मग पंधरवड्यानं यायला लागले. लावणी चालू हाय म्हणाला. मग फोन नुसताच वाजायला लागला. धोंडुबाई म्हणाली, "पाटणकडं पाऊस लय. तारा पडल्या असतील." नानासोनं मान हलवली.

साक्षीच्या दिवशी दोघं नवरा-बायको पहाटेच्या गाडीनं सांगलीला गेले. धोंडुबाईनं डबा घेतला होता. तिघांचा. हंबीररावाला शेंगदाण्याची पोळी आवडते म्हणून त्याही चार वेगळ्या बांधल्या होत्या. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली ती पदर सावरून बसली आणि येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडं बघत राहिली.

हंबीरराव रिक्षातून आला नाही. पांढऱ्या गाडीतून आला. त्याच्याबरोबर कंपनीचा वकील होता आणि ऑफिसातला एक माणूस. इस्त्रीचा शर्ट घातला होता. लिंबाखालून जाताना त्यानं यांच्याकडं बघितलं नाही, असं नाही. बघितलं, पण रस्त्यातल्या झाडाकडं बघावं तसं.

"आवं, त्यांनी वळखलं न्हाई वाटतं," धोंडुबाई उठायला लागली.

"बस," नानासो म्हणाला.

तो कंपनीचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "करार संपल्यावर दुसऱ्या कंपनीत जायला तुम्हाला कोणी अडवलं होतं का?"

"न्हाई."

"पुन्हा करार करायचा की नाही, हे कोण ठरवायचं?"

"आमचं आमी."

"म्हातारपणी सांभाळू, असा शब्द कोणी दिला होता?"

"मला आठवत न्हाई."

वकील खाली बसायला वळला होता. तेवढ्यात हंबीरराव, कुणी काही न विचारता, बोलला, "नानासोला तशी बोटीची गरज न्हवती. त्येची शेती हाय. हौसंनं यायचा."

नानासोनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. दोरखंड ओढून ओढून त्याच्या बोटांची पेरं वाकडी झाली होती. मूठ पुरती मिटत नव्हती की उघडत नव्हती. ती बोटं बाकाच्या लाकडावर दाबून तो बसून राहिला.

प्रियदर्शनी उठली.  "तुम्ही माझ्या ऑफिसात बसून याच्या उलट सांगितलं होतं, हंबीरराव."

"सांगितलं हुतं."

"मग खरं कुठलं?"

"तवा मी नानासोनं पढवल्यालं बोललो, बाई."

हे बोलताना मात्र त्यानं एकदाच नानासोकडं बघितलं आणि लगेच भिंतीवरच्या पंख्याकडं नजर नेली.

नानासो बाहेर आला, तेव्हा लिंबाखालच्या धोंडुबाईला काही कळेना. "काय झालं? भावजी काय बोललं?" नानासो चालत राहिला. कृष्णेच्या घाटावर आल्यावर तो पायरीवर बसला आणि एका दमात सगळं सांगितलं. धोंडुबाई रडली नाही. तिनं डबा पिशवीतून काढला, पोळ्यांचं फडकं सोडलं, चारी पोळ्या कुस्करून पाण्यात टाकल्या. मासे वर आले.

"पढवल्यालं म्हणला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"तुमाला? तुमाला दुसऱ्याला पढवता येतंय व्हय? तुमाला पोरीचं लगीन ठरवताना व्याह्यासंगं दोन शब्द धड बोलता आलं न्हाईत!"

निकाल दसऱ्यानंतर लागला. प्रत्येक करार वेगळा, मधल्या काळात नोकरीचं नातं नाही, शब्द दिल्याचा पुरावा नाही. वरच्या कोर्टात जाऊ, असं प्रियदर्शनी म्हणाली; पण आता तिच्या बोलण्यात पहिल्यासारखा जोर नव्हता. "हंबीरराव फिरले नसते तर..." असं म्हणून ती थांबली. नानासोनं अपिलावर सही केली. 

घरी बसून त्याला अन्न गोड लागेना. कंपनीचा राग यायचा, पण तो लांबचा राग होता. मोठ्या घराच्या बंद दारावर यावा तसा. हे हंबीररावाचं मात्र ताटात येऊन बसायचं. शेवटी एका सकाळी धोंडुबाईच म्हणाली, "जावा. तोंडावर इचारून या. न्हाईतर असंच कुढत मराल."

पाटणला उतरून दुसऱ्या गाडीनं तो हंबीररावाच्या गावाला पोचला, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. भाताची झोडणी चालू होती. घरामागच्या खळ्यात आडवं लाकूड टाकून हंबीरराव पेंढी झोडत होता. उघडा, घामानं भिजलेला, छातीवरचे पांढरे केस धुळीनं पिवळे झालेले. नानासोला बघून त्याचा वर गेलेला हात तसाच राहिला.

"भावजी!" घरातून शालूबाई धावत आली. हंबीररावाची बायको. तिचा चेहरा आनंदानं फुललेला. "आवं, कधी नव्हं ते आमच्याकडं! बसा की. बरं झालं आलासा. आमच्या वीरधवलला बोट मिळाली! तुमच्याच कंपनीत. ह्यांनी सांगितलंच आसंल की."

नानासोनं हंबीररावाकडं बघितलं. तो पेंढी तशीच धरून उभा होता.

"सांगितलं," नानासो म्हणाला.

शालूबाई पेढे आणायला घरात पळाली. तिला कोर्टाचं काहीच माहीत नाही, हे तिच्या पावलांवरूनच कळत होतं.

नानासोनं पायातल्या चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या सारल्या, रचलेल्या ढिगातली एक पेंढी उचलली आणि लाकडाच्या दुसऱ्या अंगाला उभा राहून झोडायला लागला.  मग हंबीररावानंही हात चालू केले. एकाची पेंढी खाली, दुसऱ्याची वर. कधी काळी साखळीवरचा गंज दोघं असाच ठोकायचे, एकाचा ठोका चुकायचा नाही. आताही चुकला नाही. भाताचे दाणे उडून तोंडावर बसत होते. शालूबाई पेढ्याची वाटी ओट्यावर ठेवून गेली, म्हणाली, "भावजी, असू द्या की, पावणं तुमी!" पण दोघंही थांबले नाहीत.

ढीग संपला तेव्हा हंबीरराव धापा टाकत खळ्याच्या कडेला बसला.

"पोराचं बघितलं रं," तो खाली बघत म्हणाला. "कंपनीची माणसं रानात आली. म्हणली, साक्ष द्या, पोराला घेतो. दोन वर्सं पोरगं मुंबईत एजंटांच्या दारात बसत हुतं. काय करू मी?"

"मला सांगायचं."

"काय सांगू? कुठल्या तोंडानं?"

"ह्याच," नानासो म्हणाला. "म्हणायचं, नानासो, पोराचं असं हाय, मला फिरावं लागतंय. मी म्हणलो असतो, फिर. माजी केस म्या मागं घेतली असती. पढवल्यालं बोललो, असं कशाला म्हणलास?"

 हाताला लागलेला कोंडा हंबीरराव बोटांनी काढत राहिला, बोटाबोटातून, परत परत.

"त्यांनी शिकिवलं हुतं तसं म्हणायला," तो शेवटी म्हणाला.

"आणि हौसंनं यायचा म्हणलास, ते?"

 ते हंबीररावाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

वीरधवल गावातून आला. उंचपुरा, बापासारख्याच जाड भुवयांचा. पुढं होऊन नानासोच्या पाया पडला. "काका, पुढच्या महिन्यात जायचंय. पहिला करार नऊ महिन्यांचा. तुम्ही दोघांनी नाव केलंय तिथं, मला लय सोपं जाईल."

सांगावं, असं नानासोच्या ओठांवर आलं. एक वाक्य पुरलं असतं. पोरगं तिथंच उभं होतं, आई चुलीपाशी होती, बाप खळ्यात मातीकडं बघत होता. 

"हातमोजं घालत जा," नानासो म्हणाला. "तार हातात घेताना. दुसरं काय न्हाई."

शालूबाईनं पाट मांडला. नव्या तांदळाचा भात, माशाचं कालवण, नाचणीची भाकरी. "चला, हात धुवा."

"माजा उपास हाय, वहिनी."

"आज? आज कसला उपास? आन् माशावर ताव मारणारं तुमी?" ती खरंच गोंधळली. हातातला तांब्या तिनं तसाच धरला होता.

"असू दे," हंबीरराव दारातून म्हणाला.  "आसतो त्येचा. आग्रह करू नगंस."

गाडी गाठायला नानासो निघाला, तसा हंबीरराव मागं मागं आला.  नदीच्या वळणावर गाडीचा थांबा आला. हंबीररावानं नानासोचा दंड धरला.

"शिव्या घाल की रं मला. दोन शिव्या तरी घाल. असा मुक्यानं जाऊ नको."

नानासोनं दंड सोडवून घेतला. जोरानं नाही, बैलाच्या शिंगात अडकलेला कासरा सोडवावा तसा.

"शिव्या घालायला तू माजा कोण हाईस?"

 गाडी आली. नानासो चढला, मागच्या सीटवर बसला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. पण मल्हारपेठ येईस्तोवर त्याच्या कानात त्याचाच आवाज होता आणि तो त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. कुठं ऐकला होता, ते त्याला ठाऊक होतं. मुंबईत, कंपनीच्या ऑफिसात, त्या मुलीच्या टेबलापाशी.

पाठीला, कॉलरच्या आत, काखेत भाताची कुसळं टोचत होती. कऱ्हाडपर्यंत तो खाजवत राहिला. शेजारचा माणूस सरकून बसला. गाडी बदलली, तासगाव आलं, दिवस मावळला, तरी टोचायची थांबेनात.

धोंडुबाई दारात उभी होती. "काय म्हणलं?"

नानासोनं अंगातला शर्ट काढून तिच्या हातात दिला. मानेवर, खांद्यावर लाल वळ उठले होते.

"झटकून धू," तो म्हणाला. "परक्याच्या रानातली कुसळं हायती. घरात सांडू नको."